कूलरची खिडकी

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हॉल पाहिला नाही. ओट्याची उंची पाहिली नाही, नळ सोडून धार किती जाड येते तेही पाहिलं नाही. ते सरळ मागच्या खोलीत गेले, खिडकीसमोर उभे राहिले आणि वितीने तिची रुंदी मोजू लागले. दोन विती, चार बोटं. मग उंची. मग परत रुंदी.

"काय मोजून राह्यले हो भाऊ?" घरमालकीण मावशींनी दारातूनच विचारलं.

"कूलर बसस का ते देखी ऱ्हायनू, ताई."

मावशींची लेवा बोली आणि नानांची अहिराणी, दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. मीच मधे उभी राहून शुद्ध मराठीत "अहो, म्हणजे आम्ही..." असं काहीतरी पुटपुटत होते, आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मे महिना होता. जळगावात पारा ४४ च्या वर गेलेला. शिरपूरहून चोपड्यामार्गे पहाटेच्या गाडीने आलो होतो आणि दुपारी एकपर्यंत हे सहावं घर. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ शहराच्या बाहेर, गिरणेच्या पलीकडे बांभोरीच्या माळावर. १९९० च्या १५ ऑगस्टला पुण्यापासून वेगळं निघालं, २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. पेपरवाले 'कबचौउमवि' असं लिहितात, ते उच्चारून दाखवणारा मला अजून भेटायचाय. रिक्षावाल्याला 'उमवि' म्हटलं की पुरतं. तिकडे रोज जायचं तर घर हायवेच्या अंगाला हवं, म्हणजे पिंप्राळा, खोटेनगर, निमखेडी ह्या बाजूला. आम्ही तिथल्या गल्ल्या पायी तुडवत होतो आणि गेटांवरच्या पाट्या वाचत होतो. 'रूम भाड्याने देणे आहे.' खाली बारीक अक्षरात 'फक्त फॅमिली'. मी एकटी. पीएच.डी. करणार, शिवाय एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणार. ह्या दोन्ही गोष्टी ऐकून घरमालकांच्या चेहऱ्यावर आदर यायचा आणि लगेच काळजीही यायची. काळजी रास्तच होती. भाडं पाच तारखेला द्यायचं असतं आणि तासिकांचं मानधन सहा-सहा महिन्यांनी उगवतं.

आधीच्या पाच घरांमध्ये पहिला प्रश्न एकच: "आडनाव?" आम्ही सांगायचो, पाटील. मग थोडं थांबून, पाण्याचा ग्लास पुढे करत, अगदी सहज विचारल्यासारखं: "कोणते पाटील?" खान्देशात पाटील मराठा असतात, लेवा असतात, गुजर असतात, आणखीही असतात, त्यामुळे नुसतं पाटील म्हणून इथे कुणाचंच समाधान होत नाही. बाहेरच्या माणसाला हा पत्त्याचा प्रश्न वाटेल. आहेही तसाच, फक्त पत्ता गावाचा विचारलेला नसतो. एका घरी उत्तर ऐकल्यावर वरची रूम कालच गेल्याचं त्यांना आठवलं. पाटी मात्र गेटावर तशीच होती. येताना नानांनी ती वाचून दाखवली, मोठ्याने.

मावशींनी हा प्रश्न विचारला नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाणी जपून वापरशीन ना?" म्हणून मला त्या आवडल्या. नानांना खिडकी आवडली होती.

कारण ती खिडकी साधी नव्हती. ग्रीलचे मधले गज कापून चौकोन मोकळा केलेला, कडा घासलेल्या, त्यावर हिरवा रंग, आणि त्या रंगाखालून गंज वर आलेला. मावशी म्हणाल्या, "मागं चार पोरं होती इंजिनिअरिंगची. न विचारता गज कापले मेल्यांनी. डिपॉझिटातून पैसे कापून घेतले मी." आणि त्याच श्वासात, "पण तुले बरं झालं ना आता. कूलरची सोय आहे. म्हणून तर पाचशे जास्त सांगून राह्यली."

ज्या गजांचा दंड चार पोरांकडून घेतला, त्याच भोकाचं भाडं माझ्याकडून. मी नानांकडे पाहिलं. नाना खिडकीकडे पाहत होते. साडेसहाचे सहा हजार झाले आणि घर ठरलं.

करार करताना मावशींचा मुलगा म्हणाला, "नोंदणी वगैरे कशाला? अकरा महिन्यांचाच तर आहे." हे अकरा महिन्यांचं गणित आपल्याकडे पंचांगासारखं पाठ असतं. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कमी करायचा आणि मोकळं व्हायचं. पण महाराष्ट्रात ती पळवाट केव्हाच बुजली आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. केला नाही, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरून चालायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मी त्याला सांगितलं. हे ऐकल्यावर तो एकदम नोंदणीच्या बाजूचा झाला. खर्चही काही जगावेगळा नव्हता: अकरा महिन्यांचं भाडं ६६,०००, त्याचा पाव टक्का मुद्रांक म्हणजे १६५ रुपये, अनामत रकमेवर धरलेल्या व्याजाचे दोन-चार रुपये, आणि शहरात नोंदणी फी १,०००. करारात सामानाची यादी असते. पंखे दोन, ट्यूब तीन, गीझर एक. खिडकीचं भोक त्यात नव्हतं. घ्यायला हवं होतं का, असं मी विचारलंही, पण तोवर सगळे चहाकडे वळले होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात छोटा हत्ती भरून सामान आलं. सामान म्हणजे गादी, गॅस, पुस्तकांची चार खोकी, आईने दिलेलं कळण्याचं पीठ आणि कूलर. पत्र्याचा, आमच्या गच्चीवरच्या खोलीतला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. टेम्पोवाल्याने आणि नानांनी तो जिन्यावरून चढवला, मागच्या गॅलरीत नेला, खिडकीशी लावला, आणि कळलं की त्याचं तोंड खिडकीतल्या भोकापेक्षा मोठं आहे. चार बोटांनी. नानांनी भोक बरोबर मोजलं होतं; कूलर मोजायचा राहिला होता.

पुढचा तासभर नाना आणि टेम्पोवाला ह्या प्रश्नावर बोलत होते. ग्रील आणखी कापायची म्हणजे मावशींशी परत डिपॉझिटाचा विषय. शेवटी कूलर विटांवर उचलून खिडकीपासून जरा लांब उभा केला, आणि मधली फट पुठ्ठ्याने बुजवली. पुठ्ठा खालच्या किराणा दुकानातून आणला, केळीच्या खोक्याचा. त्यावर छापलेला केळीचा घड आता माझ्या खोलीत आतल्या बाजूने दिसतो, उलटा. पाहुणे आले की आधी मान वाकडी करतात.

संध्याकाळी नवं गवत लावलं, मोटर सुरू केली, नळीतून पाणी गवतावर ठिबकलं. ओल्या गवताचा तो वास खोलीभर पसरला आणि मला पहिल्यांदा वाटलं की इथे झोप येईल. पण खोली काही थंड होईना. दमट, चिकट, गुदमरल्यासारखं. नानांनी जाऊन पुढचं दार सताड उघडलं.

"कूलरले दोन दारं लागतस," ते म्हणाले. "एक येवाले, एक जावाले."

शाळेत बाष्पीभवन शिकले होते. कोरडी हवा ओल्या गवतातून येते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, वगैरे. पण ती ओली झालेली हवा घराबाहेर गेली पाहिजे, नाहीतर खोलीतला दमटपणा वाढतो आणि वाफ होणंच मंदावतं, ही पुढची गोष्ट मी परीक्षेपुरतीही लक्षात ठेवली नव्हती. एसीवाला दारं लावून बसतो. कूलरवाल्याला दार उघडं टाकावंच लागतं.

आता एकट्या बाईने नव्या गावात दार उघडं टाकायचं म्हणजे काय? पहिले दोन दिवस मी जाळीचं दार लावून, पडदा ओढून बसले. पडदा वाऱ्याने बाहेरच्या बाजूला उडायचा, आणि जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आत गादीवर मांडी घालून प्रबंध लिहिणारी मी दिसायची. तिसऱ्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातली आजी जाळीशी येऊन म्हणाली, "किती लिहितं व माय. हात दुखत नाही?" तिचंही दार उघडं होतं, कारण तिच्याकडेही कूलर. मग लक्षात आलं की मजल्यावरची चारही दारं उघडी आहेत आणि चारही घरांतली ओली हवा जिन्यात एकत्र येऊन गच्चीकडे जाते. तिच्याबरोबर बाकीचंही जातं. कुणाकडे कोणती मालिका लागली, कोणाच्या शेवभाजीला फोडणी पडली, कोणाचा मुलगा गणितात नापास झाला, सगळं त्या जिन्यात. माझं लग्न झालेलं नाही ही बातमी मी कुणालाही सांगितली नव्हती. आठवड्यात सगळ्या जिन्याला माहीत होती, आणि दोन स्थळंही आली होती. एक चांगलं होतं म्हणे.

हे मला आवडलं असं म्हणवत नाही. पण त्याच जूनमध्ये एका रात्री ताप भरला, तेव्हा मी कुणाला हाक मारली नाही. आजीच आली, कारण नेहमीच्या वेळी माझ्या दारातून गार वारा आला नाही हे तिच्या लक्षात आलं होतं.

पाण्याचं राजकारण वेगळं. इथे नळाला रोज पाणी नसतं. एक दिवसाआड, कधी दोन दिवसांनी. पहाटे खालून मावशींची आरोळी येते, "पानी आलं व!" की सगळा मजला पिंप-बादल्या घेऊन जागा. मावशींचा नियम कडक: नळाचं पाणी प्यायला, बोअरचं कूलरला. बोअरच्या पाण्याने गवतावर पांढरा थर धरतो. नखाने खरवडला तर पापडाच्या तुकड्यासारखा निघतो. दुसऱ्या उन्हाळ्यात मेच्या शेवटी बोअर आटली, तेव्हा मी रात्री गुपचूप नळाच्या दोन बादल्या कूलरमध्ये ओतल्या. जळगावच्या नळाचं पाणी वाघूर धरणाचं. हीच वाघूर वर अजिंठ्याच्या कड्याखालून वळसा घेत येते, लेणी त्याच कड्यात कोरलेली आहेत. असलं पाणी मी गवतावर सोडून वारा खात होते. लाज वाटली, आणि झोपही छान लागली.

पावसाळा लागला की कूलर मेला. हवेतच ओल भरलेली, त्याला करायला काही उरत नाही. नाना म्हणाले होते तसं मी गवत काढलं, टाकी पुसली, वर गोणपाट टाकलं. मजल्यावरची दारं बंद झाली. हिवाळ्यात मावशींनी गच्चीवर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, तेव्हा काय ती उघडली. भरिताची वाटी बंद दाराला मिळत नाही. मार्चपर्यंत मग आजीला मी जिन्यातच भेटायचे.

यंदा मी घर सोडतेय. करार दोनदा वाढला, भाडं दर खेपेला दहा टक्क्यांनी. आता कॅम्पसच्या पलीकडे धरणगावकडे नोकरी लागलीय, तिथे घर मिळालंय. कूलर न्यायचा की नाही हे ठरत नव्हतं. पत्रा खालून सडलाय, आणि त्याला हात लावायचा तर आधी चप्पल शोधावी लागते. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं.

परवा घर बघायला एक मुलगी आली, बरोबर तिचे वडील. नंदुरबारकडची, विद्यापीठात एम.एस्सी. ला. मी पुस्तकं बांधत होते. मावशींनी त्यांना हॉल दाखवला, ओटा दाखवला, मग मागच्या खोलीत नेलं. खिडकी मोकळी होती. बाहेर गॅलरीत विटा तशाच रचलेल्या, आणि कडेला तो पुठ्ठा, उलट्या केळीच्या घडाचा.

"कूलरची सोय आहे," मावशी म्हणाल्या. "विटा, पुठ्ठा, सगळं आपल्याकडून."

मुलीच्या वडिलांनी खिडकीला वीत लावली. मी म्हटलं, "काका, आधी कूलर मोजून या."