पावसाळ्यातली लाव्याची पिल्ले

तितराची किंवा रानलाव्याची अंडी घरी आणून उबवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे, आणि येऊरच्या रानातले पक्षी रानातच राहावेत असे मला मनापासून वाटते. म्हणून ठाण्यात घराच्या पडवीत मी पाळतो तो जपानी लावा. पिढ्यान्‌पिढ्या पाळीव राहिल्याने याची मादी सहसा अंड्यांवर बसतच नाही, त्यामुळे उबवणी यंत्रावाचून गत्यंतर नसते.

पंख्याच्या यंत्रात तापमान साधारण 37.5 अंश ठेवले की 17 ते 18 दिवसांत पिल्ले बाहेर येतात. अंडी 14 दिवस नियमित फिरवायची आणि त्यानंतर हात लावायचा नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात खरी कसोटी दमटपणाची असते. सुमारे 10 ग्रॅमच्या अंड्यातून उबवणीच्या काळात ग्रॅमभराहून थोडे अधिक पाणी उडून जावे लागते. ते न गेल्यास हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच गुदमरते. म्हणूनच जुलै महिन्यात मी यंत्रातील पाण्याचे भांडे बहुधा कोरडे ठेवतो आणि शेवटच्या तीन दिवसांतच भरतो.

जन्मलेले पिल्लू जेमतेम सात-आठ ग्रॅमचे, पाठीवर काळपट पट्टे असलेले आणि विलक्षण चपळ असते. उथळ पाण्यातही ते बुडते, म्हणून बशीत गोट्या घालाव्यात. वर्तमानपत्रावर त्याचे पाय फाकतात, म्हणून खाली गोणपाट अंथरावे. पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब द्यावी. पिल्ले दिव्याखाली दाटीने बसली तर ती गारठलेली असतात.