गिटार मेक्सिकोची, पण यादीत मेक्सिकोच नाही: एक्सचेंजचा माझा अनुभव

जुनी इलेक्ट्रिक गिटार एक्सचेंजमध्ये देऊन नवी घ्यायची असेल, तर दुकानाच्या अर्जातला ‘उत्पादनाचा देश’ हा रकाना आधी पाहून घ्यावा. गिटारला पॉलिश वगैरे करणे नंतर. नागपुरात बर्डीवरच्या एका मोठ्या दुकानात या एका रकान्याने मला इतके लटकवले, की नवी गिटार घरी येऊनही माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

माझ्याकडे 2005 सालची, मेक्सिकोत बनलेली, फेंडर या अमेरिकन कंपनीची स्ट्रॅटोकास्टर होती आणि ती देऊन मला पीआरएस कंपनीची एसई मालिकेतली गिटार घ्यायची होती. फोटो, ओळखपत्र, अँपवर (आवाज वाढवणाऱ्या यंत्रावर) वाजवून पाहणे हे सगळे एका दुपारी उरकले. मग संगणकावर देश निवडायची वेळ आली. यादीत अमेरिका, जपान, कोरिया, चीन आणि इंडोनेशिया होते, मेक्सिको नव्हता. काउंटरवरच्या तरुणाने फारसा विचार न करता ‘इतर’ निवडले, त्याबरोबर गिटारची प्रत, म्हणजे दर्जा, आपोआप ‘क’ झाली आणि किंमत 22,000 रुपये दिसू लागली. मी हरकत घेतली, तेव्हा त्याने अमेरिका निवडून पाहिले. त्यावर संगणकाने अनुक्रमांक मागितला, आणि माझा क्रमांक एमझेड5 ने सुरू होत असल्यामुळे ‘क्रमांक जुळत नाही’ असा लाल शेरा उमटला. तो शेरा पाहून त्या तरुणाचा सूरच बदलला. ‘सर, मग डुप्लिकेटपण असू शकते,’ असे त्याने शेजारी उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांच्या देखत सांगितले.

मी त्याला सांगितले, की या क्रमांकात एम म्हणजे मेक्सिको, झेड म्हणजे 2000 नंतरचे दशक आणि पुढचा पाच म्हणजे वर्ष. त्याआधीच्या दशकातले मेक्सिकन क्रमांक एमएन ने सुरू होतात. शिवाय गिटारच्या डोक्यावर ‘मेड इन मेक्सिको’ असे कंपनीनेच छापलेले आहे, ते लपवून मी अमेरिकन म्हणून ती विकायला आलेलो नाही. त्याला ते पटले असावे, पण संगणकाला पटवण्याची सोय त्याच्या हातात नव्हती. प्रकरण दुसऱ्या शहरातल्या मुख्यालयाकडे गेले, आणि ‘वरून अप्रूव्हल आले की कळवतो’ हे वाक्य मला पाठ झाले. मुख्यालयाला थेट फोन करायचा तर नंबर मिळेना. ईमेल केला तर ‘आपल्या जवळच्या शाखेशी संपर्क साधावा’ असे उत्तर आले. शाखा म्हणजे तोच काउंटर आणि तोच तरुण. मधल्या काळात गिटारही दुकानातच अडकली होती, कारण ती परत घेतली तर अर्ज रद्द होणार होता. ती ठेवताना मिळालेल्या पावतीवर गिटारचा क्रमांक लिहून घ्यायचा मी आग्रह धरला होता, तो तुम्हीही धरावा.

सर्वांत चीड आणणारी गोष्ट त्याच दुकानात माझ्या डोळ्यांसमोर टांगलेली होती. जी एसई मी पूर्ण किमतीत घेणार होतो, तीदेखील अमेरिकेत बनलेली नाही. पीआरएसच्या महागड्या गिटारी मेरीलँडमधल्या स्टीव्हन्सविल येथे बनतात; एसई मालिका पूर्वी कोरियात बनत असे आणि आता बहुतांशी इंडोनेशियात कोर-टेक या कंपनीच्या कारखान्यात बनते. म्हणजे दुकान विकते तेव्हा ‘देश कोणता ते पाहू नका सर, क्वालिटी पाहा’ आणि दुकान घेते तेव्हा फक्त देश पाहायचा. हे मी मॅनेजरना शांतपणे म्हणून दाखवले. ते हसले, चहा मागवला, आणि काम होते तिथेच राहिले.

वाट मोकळी केली ती दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्ती करणाऱ्या काकांनी. ‘काहून टेन्शन घेता भाऊ, नेक काढून फोटोच पाठवून देऊ ना,’ असे म्हणत त्यांनी तारा सैल केल्या आणि नेकचे, म्हणजे गिटारच्या लांब मानेचे, चार स्क्रू काढले. नेकच्या बुडाशी तारखेचा शिक्का होता आणि तो क्रमांकातल्या वर्षाशी जुळत होता. मग पिकगार्ड, म्हणजे धडावरची झाकणपट्टी, उचलल्यावर बाकीची गिटारही उघडी पडली. आवाजाच्या घुंड्यांखाली लहान आकाराची पॉट्स (घुंडीने आवाज कमीजास्त करणारे भाग), पिकअपच्या (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाच्या) तळाला चिकटवलेल्या सिरॅमिक चुंबकाच्या पट्ट्या, ब्रिजखाली (तारा धडाला जिथे अडकतात त्या भागाखाली) जस्ताच्या मिश्रधातूचा पातळ ठोकळा आणि खोबणीत दिसणारे लाकडाचे जोड. पैसे कुठे वाचवले ते या एवढ्या जागेत वाचता येते. जोडांचे विशेष नाही, कारण अमेरिकन गिटारचे धडही बहुधा एका फळीचे नसते. लाकूड कापण्याचे काम आता मोठ्या कारखान्यांत संगणकचलित यंत्रेच करतात, त्यामुळे खाचा आणि खोबणी कुठल्याही देशात सारख्याच नेमक्या येतात. फरक पडतो तो सुट्या भागांत, आणि फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके घासणे, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा योग्य खोलीच्या करणे अशा हाताच्या कामाला दिलेल्या वेळात. तो वेळ मजुरीच्या दराशी बांधलेला असतो. पिकअप, पॉट्स आणि ब्रिज बदलता येतात. वाकलेली, पीळ पडलेली नेक मात्र स्वस्तात सुधारत नाही. माझी नेक सरळ होती आणि काकांनी तसे लिहून दिले.

त्या फोटोंबरोबर मी मुख्यालयाला अर्ज लिहिला. फेंडरचा मेक्सिकोतला कारखाना एन्सेनादा येथे 1987 पासून आहे, तो कंपनीचा स्वतःचा आहे, आणि त्यामुळे या गिटारला ‘इतर’मध्ये टाकणे म्हणजे कंपनीच्या एका मुख्य कारखान्याचा माल बेवारस ठरवणे होय, असे त्यात स्पष्ट म्हटले. देशाचा शिक्का कायमचा नसतो हेही लिहिले: 1982 मध्ये जपानमध्ये फेंडरच्या स्क्वायर या नावाने निघालेल्या गिटारी तेव्हा स्वस्तातला पर्याय होत्या, आणि आज जेव्ही ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या त्याच गिटारींसाठी संग्राहक चढी किंमत मोजतात. हा परिच्छेद कोणी वाचला असेल असे वाटत नाही, पण तो लिहून मला बरे वाटले.

अखेर मंजुरी आली. देश ‘इतर’च राहिला, मात्र प्रत हाताने ‘ब’ करण्यात आली आणि किंमत 38,000 रुपये ठरली. अमेरिकन स्ट्रॅटोकास्टरला याहून बरेच जास्त मिळाले असते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. जुन्या बाजारात अमेरिकन गिटार किंमत अधिक धरून ठेवते, हे खरे आहे. पण एक्सचेंजची घाई नसेल, तर ओळखीतल्या वाजवणाऱ्याला थेट विकावी. त्याला एमझेडचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

नवी गिटार निवडताना मात्र नागपूरच्या उन्हाळ्याचा फायदा करून घ्यावा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचे, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीचे, लाकूड आकसते आणि फ्रेटची धातूची टोके कडेला बाहेर येऊन तळहाताला टोचतात. मी दुकानात नेकच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवत तीन गिटारी तपासल्या. दुसरी एक इंडोनेशियन गिटार टोचत होती आणि तिच्याहून कितीतरी महाग असलेली अमेरिकनही टोचत होती. मी घेतलेल्या एसईच्या कडा गुळगुळीत होत्या. मेमध्ये जी टोचत नाही ती पुढे सहसा त्रास देत नाही, आणि जी टोचते तिची टोके घासून देण्याची अट बिल करण्यापूर्वीच घालावी. घरी कूलर असेल तर गिटार त्याच्या झोताजवळ ठेवू नये, कारण दिवसा दमट आणि कूलर बंद झाला की खडखडीत कोरडे अशी हवा तिला सोसत नाही, शिवाय तारांवर गंज चढतो.

एक सांगायचे राहिले. जुन्या गिटारचे पिकअप किंवा ब्रिज तुम्ही कधी बदलले असतील, तर मूळचे भाग पिशवीत घालून सोबत न्यावेत. मी माझ्या गिटारचा मूळ ट्रेमोलो दांडा (सूर डोलवण्यासाठी ब्रिजला लावायचा) नेला होता आणि काकांनी तो यादीत वेगळा लिहिला. प्रत ‘ब’ होताना ‘मूळ भाग पूर्ण’ असा जो शेरा लागला, तो त्यामुळेच.