तुम्ही विचारलंत म्हणून : ऑल्टर कुठे करायचा?

"बाई, नवीन फ्लॅटमध्ये ऑल्टर कुठे करायचा? पूर्वेला तोंड लागतं का? आणि काय काय आणू?"

ऑल्टर म्हणजे घरातली प्रार्थनेची जागा. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की दारात चपला शोधता शोधता कुणीतरी मला हे विचारतंच. बहुतेक वेळा नवीन लग्न झालेलं जोडपं असतं, नाहीतर पेठेतलं जुनं घर सोडून जुळे सोलापूरला किंवा विजापूर रोडला राहायला गेलेलं कुटुंब. मी आमच्या कॅथलिक चर्चमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, म्हणून लोकांना वाटतं बाईंकडे यादी तयार असणार. यादी आहे, आणि फार छोटी आहे. पण त्याआधी मीच उलट विचारते, घरात माणसं किती, आणि त्यातली खाली मांडी घालून बसू शकणारी किती?

कारण ऑल्टरची जागा शोधताना सगळे भिंती बघत फिरतात. मी म्हणते, फरशी बघा. घरातली सगळी माणसं बसली, आजीची खुर्ची मावली आणि तरी स्वयंपाकघरात जायला वाट उरली, की झालं. त्या फरशीच्या समोर जी भिंत येईल ती तुमची. मग ती हॉलची असो, बेडरूमची असो, नाहीतर बाजूला टीव्ही असलेली असो. टीव्ही बंद करता येतो.

हे इतकं ठासून सांगते, कारण उलटी घरं खूप पाहिली आहेत. एका घरी शोकेसच्या मधोमध सुरेख कोनाडा केला होता, सागवानी जाळी, आत पिवळा एलईडी, संगमरवरी पाट. आणि त्याला खेटून सोफा. मेणबत्ती लावायची तर सोफ्यावर गुडघे टेकून, पुढे वाकून लावायची. घरचे जपमाळ (मण्यांवर मोजून म्हणायची मरियेची प्रार्थना) करायचे डायनिंग टेबलाभोवती, त्यातल्या दोघांची पाठ ऑल्टरकडे. खर्च चांगला दणदणीत झाला होता. दुसरीकडे बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात, बुटांच्या कपाटावर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. जाता येता क्रुसाची खूण होते म्हणाले. होत असेल, पण तिथे थांबणार कोण?

पूर्वेचं म्हणाल तर सुतार विचारतोच, कारण त्याला रोज देव्हारेच करायचे असतात. सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करत. ख्रिस्त पुन्हा येणार, त्याची खूण म्हणून उगवता सूर्य. पुष्कळ जुनी चर्चही त्याच दिशेने बांधलेली आहेत. पण घरासाठी असा नियम नाही. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २६९१ मध्ये घरातल्या प्रार्थनेच्या कोपऱ्याबद्दल दोन-तीन ओळी आहेत. तिथे पवित्र शास्त्र असावं, पवित्र चित्रं असावीत आणि कुटुंबाने एकत्र प्रार्थना करायला त्याची मदत व्हावी, एवढंच. दिशा नाही, उंची नाही, लाकूड कुठलं तेही नाही. पूर्वेची भिंत मोकळी असेल तर उत्तम. तिच्यामागे संडास असेल तर सोडून द्या.

आता यादी. क्रूस, शक्यतो येशूची मूर्ती असलेला. बायबल. पवित्र मरियेची एक मूर्ती किंवा तसबीर. एक दिवा. संपली यादी.

यापुढचं आपोआप जमतंच, ते थोपवणं हे खरं काम. माउंट मेरीला गेलो, एक मूर्ती. हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला गेलो, एक तसबीर. वेलांकणी, गोवा, शिवाय मुलांच्या पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या, भेटी. दोन-तीन वर्षांत फळीवर बोट ठेवायला जागा राहत नाही, आणि सोलापूरची धूळ तुम्हाला माहीत आहे. मूर्तींची दाटी झाली की पुसापुशी हीच भक्ती होऊन बसते. म्हणून मी सांगते, बाकीच्या कपाटात नीट ठेवा आणि पाळीपाळीने काढा. मार्चमध्ये संत जोसेफ, जूनमध्ये पवित्र हृदय, ऑक्टोबरात जपमाळेची माता. मुलांना तेवढंच नवीन वाटतं.

बायबलचं वेगळं सांगायला हवं. लग्नात भेट मिळालेलं जाडजूड बायबल प्लास्टिकच्या वेष्टनासकट उभं करून ठेवलेलं असतं. ते बाहेर काढा, उघडा. पंख्याने पानं फडफडतात तर वर जपमाळ ठेवा. रविवारी चर्चमध्ये जो उतारा वाचला तो काढून ठेवला की आठवडाभर येता-जाता कुणाची तरी नजर पडते.

पुढचा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. "हे देवघरासारखंच झालं की हो, चालतं का?" समई लावली, हार घातला, उदबत्ती फिरवली की कुणीतरी भुवया उंचावतं. शेजारी कौतुकाने म्हणतात, आपलेच लोक शंकेने. १९६९ साली भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून रोमने बारा गोष्टींना परवानगी दिली. जमिनीवर बसणं, पादत्राणं बाहेर काढणं, हात जोडून नमस्कार, मेणबत्त्यांऐवजी तेलाचे दिवे, आरती, हे सगळं त्यात आहे. आणि ही परवानगी थेट मिस्सेसाठी होती. जे चर्चमध्ये चालतं ते तुमच्या हॉलमध्ये का चालणार नाही? मूर्तीबद्दल विचाराल तर त्याचा निकाल ७८७ सालच्या निकियाच्या दुसऱ्या परिषदेतच लागलेला आहे. चित्राला दिलेला मान ज्याचं चित्र आहे त्याला पोचतो, आराधना मात्र एका देवाचीच. म्हणून आपण मूर्तीला आंघोळ घालत नाही, नैवेद्य दाखवत नाही. फादर येऊन आशीर्वाद देतात, ती प्राणप्रतिष्ठा नव्हे. एवढं कळलं असेल तर समई खुशाल लावा.

सोलापुरात आणखी एक गुंता आहे. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेचं काम इथे फार जुनं, त्यामुळे आपल्या पुष्कळांची सोयरीक प्रॉटेस्टंट घरांत. तिकडे मरियेच्या मूर्ती ठेवत नाहीत, म्हणून सून तिकडची आली की मरियेच्या मूर्तीपुढे बसताना ती अवघडते. अशा घरी मी सांगते, हॉलमध्ये नुसता क्रूस आणि बायबल ठेवा, मरियामाता तुमच्या खोलीत. सासूबाईंना हे पटत नाही. पण एकत्र बसायची जागा करायची आणि तिच्यावरूनच दोन चुली मांडायच्या, हे मला पटत नाही.

आता उन्हाळा. बाहेरगावच्या लोकांना सांगून कळत नाही, पण एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला की उंच, बारीक मेणबत्त्या इथे ठेवूच नयेत. सकाळी सरळ उभी केलेली मेणबत्ती, घर दिवसभर बंद राहिलं तर संध्याकाळी मधूनच वाकलेली असते. टोक भिंतीला टेकलेलं, आणि बुडाशी मेण कापडाला असं धरून बसतं की उचलायला जावं तर कापडच वर येतं. ते काढायला इस्त्री आणि वर्तमानपत्राचा कागद लागतो. त्यापेक्षा जाड, बुटकी मेणबत्ती काचेच्या ग्लासात ठेवा. पंखा बंद करून जपमाळ करा असं मे महिन्यात सांगायची माझी हिंमत नाही, आणि ग्लासात वाराही लागत नाही. २ फेब्रुवारीला चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, तेव्हा वर्षभराच्या घेऊन ठेवा, पण कपाटात आडव्या, सावलीत.

बसायला आपली चादर. लग्नात आलेली जड चादर "चांगली आहे" म्हणून पेटीत असते, ती काढा. चौपदरी केली की गुडघ्यांना फरशी लागत नाही. फळीवरच्या कापडासाठी बाजारात जाऊच नका. शेजारच्या वास्तुशांतीला, डोहाळजेवणाला मिळालेले ब्लाउजपीस घरात पडलेले असतातच. जांभळा आगमनकाळाला (नाताळच्या तयारीचे आठवडे) आणि उपवासकाळाला (पुनरुत्थानाच्या सणाआधीचे दिवस), पांढरा नाताळला आणि पुनरुत्थानाच्या दिवसांत, लाल पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाला, हिरवा बाकी वर्षभर. कडेला शिवण मारली की काम झालं. कापड बदललं की मुलं विचारतात, आज जांभळं का, आणि अर्धा धर्मशिक्षणाचा तास घरीच होतो.

वेळेचं फार बोलत नाही, ज्याचं त्याने ठरवावं. पाच दशकांची जपमाळ पंधरा-वीस मिनिटांत होते. लहान मुलं असतील तर एकच दशक, म्हणजे दहा मण्यांचा एक भाग, करा, पण रोज करा. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं (जपमाळ म्हणताना येशूच्या जीवनातले जे प्रसंग आठवतात ते) २००२ साली दुसऱ्या जॉन पॉल पोपनी सुचवलेली, ती जुन्या पुस्तिकेत सापडणार नाहीत. आणि नळाला पाणी यायची वेळ नि जपमाळेची वेळ एकच आली, तर आधी पाणी भरा. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून कुणी ध्यान लावून बसलेलं मी पाहिलेलं नाही. एक डोळा घागरीकडेच असतो.

पाण्यावरून आठवलं, चर्चमधून आणलेल्या पवित्र पाण्याच्या बाटलीवर चिठ्ठी लावा. आपल्याकडे प्रत्येक घरात भरून ठेवलेल्या बाटल्यांची रांग असते, आणि पाहुणे तहानलेले असतात.

झावळ्यांच्या रविवारची (पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या रविवारची) झावळी क्रुसामागे खोचून ठेवतात. ती पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधी, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसाआधी, चर्चमध्ये परत द्यायची, जाळून त्याचीच राख कपाळाला लावतात. फुटलेली मूर्ती, वाळवी लागलेली तसबीर मात्र कुणी पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतं, कुणी गुपचूप चर्चच्या फाटकाशी. तसं करू नका. आशीर्वाद दिलेली वस्तू जाळायची किंवा मातीत पुरायची. कुंडीतली माती चालते.

घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो हा नाजूक विषय. आजोबांचा हार घातलेला फोटो संत अंतोनच्या शेजारी असतो, आणि काढा म्हटलं की घरात रडारड. माझं मत स्पष्ट आहे. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, त्यांना संतांच्या रांगेत बसवणं आपल्या हातात नाही. फोटो दुसऱ्या भिंतीवर लावा, हवं तेवढं फूल वाहा. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, तो ऑल्टरजवळ आणा आणि महिनाभर ठेवा. नोव्हेंबर त्यांचाच आहे.

क्वचित कुणी विचारतं, घरी कम्युनियन आणून ठेवता येईल का? नाही. कितीही सुंदर जागा असली तरी नाही. आजारी माणसासाठी फादर घेऊन येतात तेव्हा मात्र एक छोटं टेबल लागतं. त्यावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, पेटलेली मेणबत्ती, पवित्र पाणी, आणि पेशंटला घोटभर प्यायचं पाणी वेगळं. ऑल्टरवरचंच सामान उचलून पलंगाशी न्यायचं. अंथरुणाला खिळलेलं कुणी घरात असेल तर ऑल्टरच त्या खोलीत करा, मी तर म्हणेन बाकी घराने तिकडे जाऊन बसावं.

राहिला फादरांचा आशीर्वाद. लोक सुतार गेला की लगेच फोन करतात. घाई करू नका. महिनाभर तिथे बसून बघा. उजेड डोळ्यांवर येतो का, दाराची ये-जा होते का, आजीला ऐकू जातं का ते कळेल. जागा हलवावीशी वाटली तर हलवा आणि मग फादरांना बोलवा. त्या दिवशी जेवण ठेवायचं का, हेही विचारतात. ठेवा की. आणि शेजाऱ्यांनाही बोलवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी जिन्यात प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसावं लागेल, काल तुमच्याकडे कसली पूजा होती ते.