चाळीस तास, दहा बोटं आणि एक लायसन

जामिनावर सुटून पळालेल्यांना शोधून आणायचं, म्हणजे बाउंटी हंटरचं लायसन काढलं असं आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, म्हणजे पोलिसात गेलीस का?" नाही म्हटलं. "मग गुंडांत?" हाही प्रश्न तिने तितक्याच गंभीरपणे विचारला. खरं उत्तर या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे.

मी मूळची सांगलीची, आता अमेरिकेतल्या व्हर्जिनियात राहते. मुलगी शाळेत जायला लागल्यावर जी पहिली नोकरी मिळाली ती एका बेल बाँडच्या, म्हणजे पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या ऑफिसात, हिशेब बघायची. धंदा असा आहे: कोर्ट आरोपीला म्हणतं, दहा हजार डॉलरची हमी दे आणि घरी जा. एवढे पैसे कुणाकडे असतात? मग तो आमच्याकडे येतो, साधारण दहा टक्के भरतो (ते परत मिळत नाहीत) आणि पूर्ण रकमेची हमी आमचे मालक कोर्टाला लिहून देतात. आरोपी तारखांना येत राहिला तर ते हजार डॉलर आमचे. नाही आला तर कोर्टाचा तगादा मालकांमागे. गैरहजेरीची नोंद झाल्यापासून १५० दिवसांत त्याला आणून उभा केला नाही तर रक्कम गेली. या १५० दिवसांत त्याला शोधून आणणारा तो बाउंटी हंटर. व्हर्जिनियाच्या कायद्यात त्याचं नाव 'बेल एन्फोर्समेंट एजंट', आणि लायसनशिवाय हे काम करणं गुन्हा.

जामीन राहणं काय असतं ते मी घरात पाहिलं होतं. बाबा एका चुलतभावाला जामीन राहिले होते. सातबारा काढला, तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणला, कोर्टात दिवसभर बसले. काका दोन तारखांना आले, तिसरीला आले नाहीत. मग बाबांनाच नोटीस. दोन महिने ते रविवारी मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी, जिथे जिथे पाहुणे तिथे तिथे जाऊन यायचे. आपल्याकडे जामीन विकत मिळत नाही. नातलग जामीन राहतो, आणि माणूस पळाला तर तोच एसटीने शोधत फिरतो.

इथे ऑफिसात मी फोनवरून माणसं शोधायला कधी लागले ते माझं मलाच कळलं नाही. विजेच्या बिलाचा पत्ता, जुन्या कामाच्या ठिकाणचा मुकादम, बहिणीचं फेसबुक. मालक म्हणाले, शोधतेसच तर लायसन काढ. फोन कुणीही करू शकतं, पण दार वाजवून "चला" म्हणायचं तर कागद लागतो.

अटी वाचल्या तर वाटलं होतं त्यापेक्षा साध्या. वय २१. नागरिक किंवा कायमचा रहिवासी, म्हणजे ग्रीन कार्ड चालतं. हायस्कूल पूर्ण. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नको, आणि गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवणं, मारामारी, चोरी असले तुलनेने लहान गुन्हेही नकोत. जेल, पोलीस, शेरीफ, सरकारी वकील यांच्या ऑफिसात नोकरी असेल तर बाद, आणि एका घरात राहणारा त्यांचा जोडीदारही बाद. नवरा म्हणाला, "बघ, माझ्या कंटाळवाण्या नोकरीचा कुठेतरी उपयोग झाला."

मी अडकले ते हायस्कूलपाशी. माझी दहावी-बारावीची प्रमाणपत्रं माहेरच्या नावाची, आणि बाबांनी ती नव्वदच्या दशकात हौसेने लॅमिनेट करून ठेवलेली. आत हवेचा फुगा, कडेला पिवळट पाणी उतरलेलं. स्कॅन केलं की बरोबर बोर्डाच्या शिक्क्यावर पांढरा चट्टा. भावाने सांगलीहून दुसरी प्रत काढून पाठवली. मग तिचं इथल्या शिक्षणाशी तुलना करून देणारा अहवाल, लग्नाचा दाखला आणि दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं शपथपत्र. यात अडीच महिने गेले. यापेक्षा लवकर मी पुढे पहिला माणूस शोधला.

मग बोटांचे ठसे. पहिल्या वेळचे वाचता येत नाहीत म्हणून परत आले. केंद्रावरच्या मुलीने माझी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "भांडी हाताने घासता का?" वीस वर्षांचा व्हिम आणि तारेची घासणी, रेषा राहणार कुठून! तिने सांगितल्याप्रमाणे आठवडाभर रात्री हाताला तेल लावून मोजे घालून झोपले. दुसऱ्या वेळेस उमटले.

वर्ग चाळीस तासांचा. बाराजणांत बाया तिघी, साडीच्या देशातली मी एकटी. पहिल्या दिवशी एक पोरगा छातीवर जाडजूड जाकीट आणि कमरेला चकचकीत बिल्ला लावून आला. मास्तर निवृत्त पोलीस. त्यांनी आधी त्याला बिल्ला गाडीत ठेवून यायला लावलं. आपण सरकारचे माणूस आहोत असं भासवणारा गणवेश, बिल्ला, काहीही चालत नाही. पुढचे चाळीस तास मुख्यतः हेच होतं: काय करायचं नाही.

आणि गंमत म्हणजे मुळात बाउंटी हंटरच्या हातात पोलिसापेक्षा जास्त होतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८७२ मध्ये टेलर विरुद्ध टेंटर या खटल्यात लिहून ठेवलं की जामीनदार आपल्या माणसाला दुसऱ्या राज्यात जाऊन पकडू शकतो, रविवारीही पकडू शकतो, गरज पडली तर त्याचं दार फोडून आत शिरू शकतो. वॉरंट नको. जामीन म्हणजे जणू जुनीच कैद, फक्त दोरी लांब सोडलेली. धंद्यातले लोक हे वाक्य कुलदैवताच्या आरतीसारखं म्हणतात. त्या खटल्यात जामीनदार हरले होते, हे कुणी सांगत नाही. मास्तरांनी सांगितलं.

तेव्हापासून राज्यांनी ही दोरी आपापल्या परीने आखडली आहे, आणि प्रत्येकाची गाठ वेगळी. आमच्या शेजारच्या केंटकीने १९७६ मध्ये बाँड विकण्याचा धंदाच बंद केला. इलिनॉय, ओरेगॉन, विस्कॉन्सिन इथेही तो नाही, आणि इलिनॉयने तर सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीनच काढून टाकला. टेक्सासात हे काम पैसे घेऊन करायचं तर पोलीस, लायसनधारी खासगी डिटेक्टिव्ह किंवा शस्त्रपरवान्याचा सुरक्षारक्षक असावं लागतं. कॅलिफोर्नियात २०२३ च्या जुलैपासून विमा खात्याचं लायसन लागतं. तेव्हा व्हर्जिनियाचं कार्ड खिशात आहे म्हणून सीमेपलीकडे मिरवता येत नाही. देशाच्या सीमेचं तर विचारूच नका. १९८१ मध्ये दोघांनी टोरोंटोहून एकाला उचलून फ्लोरिडात आणलं. १८७२ चा निकाल कॅनडात चालत नाही असं इथल्याच, रिचमंडच्या फेडरल अपील कोर्टाने १९८३ मध्ये सुनावलं, आणि अपहरणाच्या खटल्यासाठी त्यांच्यातल्या एकाला कॅनडाच्या हवाली करायला वाट मोकळी झाली.

आमच्या राज्याचे नियम मला अजून पाठ आहेत. पकडायला जाताना त्या माणसाच्या मुचलक्याची प्रत जवळ हवी. तातडीचं कारण नसेल तर किमान २४ तास आधी पोलिसांना कळवायचं. घरात शिरण्याआधी आतल्या लोकांना तोंडाने सांगायचं. माणूस ताब्यात आला की ६० मिनिटांत पुन्हा पोलिसांना फोन. पिस्तुलाचं प्रशिक्षण वेगळं, ते मी घेतलंच नाही.

हे तोंडाने सांगणं आमच्याकडून दहा-दहा वेळा करून घेतलं. माझा आवाज दाराच्या या बाजूलाच राहायचा. "लाउडर!" मास्तर ओरडले. शेवटी चिडून, सांगलीच्या वाड्यात तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवायचे तो आवाज काढला. बिल्लावाला पोरगा दचकून मागे सरला. पास.

लायसन हातात आल्यावर पहिलं प्रकरण पाच हजारांच्या बाँडचं, एकशेदहावा दिवस. बरोबर ऑफिसातले जुने एजंट होते. फायलीत मावशीची सही होती. इथे बाँड विकत मिळतो खरा, पण त्यावर बहुतेकदा घरच्या कुणाची तरी सही घेतात. पोरगा पळाला तर मालक कोर्टाला भरतात आणि मावशीकडून वसूल करतात. ही गोष्ट मी सहा वर्षं हिशेबात एका रकान्यात टाकत होते, 'सहसही' म्हणून.

त्या मावशींनीच फोन केला होता. त्याही महिनाभर पोराच्या मित्रांकडे फिरत होत्या. सोमवारी पोलिसांना कळवलं, मंगळवारी संध्याकाळी गेलो. भाजीवाल्याचा आवाज काढावा लागला नाही, दार उघडंच होतं. पोरगा स्वयंपाकघरात भात खात बसलेला. आमच्याकडे बघून म्हणाला, "संपवू का?" जुन्या एजंटांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, संपव. बूट घालताना त्याच्या नाड्यांची गाठ सुटेना, तर मावशींनी खाली बसून सोडवून दिली. एक अक्षर बोलल्या नाहीत. मी दाराशी उभी राहून पोलिसांना फोन लावला, वेळ लिहून घेतली: ६ वाजून ५२.

आम्ही निघताना त्यांनी माझी बाही धरली. "माझं नाव सुटलं का?"

जेलच्या खिडकीवर मुचलक्याची प्रत दिली, लायसन दाखवलं, पोचपावती घेतली. फोटो काढून आधी मावशींना पाठवला, मग मालकांना.