साताऱ्याचे जज्ज टागोर

१ जून, रात्री. कोल्हापूर.

आज सत्येंद्रनाथ टागोरांचा जन्मदिवस, १८४२ चा. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या राज्यातल्या वरच्या सनदी नोकरीत निवडले गेलेले ते पहिले भारतीय. महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या बाईला त्यांचं एवढं का वाटतं, ते आज लिहून ठेवते.

दुपारी भाचा जेवायला आला होता. मुख्य परीक्षेत थोडक्यात गेलं त्याचं. घास हातात धरूनच म्हणाला, "आत्या, आपल्यात कोण साहेब झालंय का? मोठ्या घरातली पोरं पुढं जात्यात बघ." मी त्याला गप्प केलं नाही. त्याचं खोटं नव्हतं.

सत्येंद्रनाथांच्या मागं केवढं घर होतं! आजोबा द्वारकानाथ मोठे व्यापारी, वडील देवेंद्रनाथ ब्राह्मो समाजाचे महर्षी. आयसीएसची परीक्षा तेव्हा फक्त लंडनला व्हायची. १८६२ मध्ये बोटीनं तिकडं जायचं, राहायचं, ग्रीक-लॅटिन शिकून मोठ्या झालेल्या इंग्रज पोरांच्या बरोबरीनं पेपर लिहायचे. घरची ऐपत नसती तर हे सुचलंही नसतं. पण पेपर घराण्यानं लिहिले नाहीत. त्यांच्याबरोबर गेलेले मनमोहन घोष चांगल्याच घरचे आणि हुशार, तरी त्यांना ती परीक्षा साधली नाही. ते पुढं बॅरिस्टर झाले. सत्येंद्रनाथ १८६३ मध्ये निवडले गेले.

भाच्याला मी आपल्या गावचं सांगितलं. न्यायमूर्ती रानडेही १८४२ चेच. जन्म निफाडचा, पण वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत, म्हणून पोरपण इथं गेलं, शाळाही इथलीच. त्यांना लंडन नव्हतं. मुंबईत शिकले, सबजज्ज झाले आणि १८९३ मध्ये हायकोर्टाच्या खुर्चीवर बसले. सत्येंद्रनाथ मात्र तीस वर्षांवर नोकरी करून १८९७ मध्ये साताऱ्याहून निवृत्त झाले, जिल्ह्याचे जज्ज म्हणूनच. एवढं नाव, एवढी परीक्षा, तरी हायकोर्ट नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. साहेबाच्या राज्यात पहिल्या माणसाची वाट अशीच असायची. ही परीक्षा हिंदुस्थानात द्यायची सोय झाली १९२२ मध्ये. पुढच्याच जानेवारीत ते गेले.

त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी यांच्याविषयी वाचताना आजी आठवते. नवऱ्याबरोबर त्या मुंबईला आल्या आणि पारशी बायकांचं बघून साडी नेसायची नवी पद्धत त्यांनी बंगालात नेली. १८७७ मध्ये तर नवरा सोबत नसताना मुलांना घेऊन विलायतेला गेल्या. माझ्या आजीनं नऊवारी सोडून पाचवारी नेसली तेव्हा घरात महिनाभर अबोला होता!

पण मूळ सांगायचंय ते वेगळंच. सत्येंद्रनाथ मराठी शिकले. नोकरीपुरतं शिकणारे कितीतरी असतील. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. कचेरीत दिवसभर जबान्या ऐकायच्या, निकाल लिहायचे, आणि ज्यांच्या जबान्या ऐकल्या त्यांच्या ओठावरचे अभंग रात्री आपल्या भाषेत मांडायचे. मला त्यांच्या सगळ्या आयुष्यात हेच मोठं वाटतं.

त्याचं कारण माझ्या नोकरीत आहे. आमच्याकडे एक तरुण साहेब आले होते, परराज्यातले, नावाजलेल्या घराण्यातले. मराठी येत नव्हतं. भेटीच्या दिवशी लोकांचं म्हणणं हिंदीत सांगायला मी शेजारी उभी राहायची. एकदा वरच्या डोंगरातली एक म्हातारी आली. नवरा वारलेला, दिरांनी वारस नोंद करताना हिचं नाव घातलं नव्हतं. ती कितीतरी वेळ बोलली, रडली, पदरानं तोंड पुसून परत बोलली. मी सांगितलं, "वारसात नाव नाही म्हणते आहे." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "इतना बोली, और बस इतना ही?"

बाहेर रांग होती, मला चारच्या आत टपाल काढायचं होतं. मी म्हटलं, "हो, सर."

चौकशी लागली, फेरफार दुरुस्त झाला, म्हातारीचं नाव सातबाऱ्यावर चढलं. तिचं काम झालं. पण त्या संध्याकाळी साहेबांनी शिपायाला पाठवून मराठीची अंकलिपी आणवली. रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून वाचून घ्यायचे, चुकलं की परत म्हणायचे. बदली व्हायच्या आधी तर अर्जावरचा शेरा स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहायला लागले होते. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. घराण्याचं नावही त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

हे आज पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. भाचा ताट तसंच ठेवून ऐकत होता. म्हणाला, "पण आत्या, ती म्हातारी काय बोलली होती खरं?"

मला सगळं आठवत होतं. बांधावरचा आंबा लग्नाच्या साली तिनं नवऱ्याबरोबर लावला होता. पहिल्या वर्षी दुरून घागरीनं पाणी आणून घातलं. पोर झालं नाही, तर त्या आंब्यालाच पोराचं नाव ठेवलं होतं. आणि शेवटी साहेबांकडं बघून म्हणाली होती, "जमीन कुणाच्या बी नावावर लिवा, पर त्येला तोडू नगा म्हणावं."