अ‍ॅसिड वर चढू नये म्हणून

लातूर भागात जठराचा कॅन्सर आमच्यापर्यंत बहुधा उशिराच पोचतो. घास गिळत नाही, उलट्या होतात, अंगावरचं मांस उतरलेलं असतं. औसा तालुक्यातले हे मामा मात्र नुसती धाप लागते म्हणून आले होते. हिमोग्लोबिन फारच कमी निघालं, म्हणून एंडोस्कोपी केली. जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या तोंडाच्या जरासं खाली, एक छोटी जखम दिसली. बायोप्सीत कॅन्सर निघाला, पण तो वरवरच्या थरातच होता. इतक्या लवकर सापडलेला पेशंट बघून मला खरंच आनंद झाला.

ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं हे नक्की होतं. प्रश्न होता, जठर किती काढायचं. सगळंच काढलं आणि आतडं वर आणून ‘रू-एन-वाय’ पद्धतीनं, म्हणजे इंग्रजी वाय आकारात, अन्ननलिकेला जोडलं, तर अ‍ॅसिड बनवणारी जागाच उरत नाही. पण मग वजन घटतं, जेवण घासाघासावर येतं आणि बी-१२ची इंजेक्शनं जन्माची लागतात. फक्त वरचा भाग काढला तर अन्न साठवायला खालचं जठर राहतं. अडचण अशी, की त्या वरच्या भागाबरोबर अन्ननलिकेच्या तळाशी आवळून धरणारा स्नायू जातो आणि अन्ननलिका जठराला मिळते तिथला तिरपा कोनही जातो. उरलेलं जठर तसंच अन्ननलिकेला जोडलं, की माणूस आडवा झाल्याबरोबर अ‍ॅसिड वर चढतं. छातीत आग, तोंडात आंबट पाणी, रात्रभर खोकला. कधी ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनियाही होतो. कॅन्सरमधून वाचलेली माणसं खुर्चीत बसून रात्र काढताना मी पाहिली आहेत. १८८१ मध्ये व्हिएन्नात सर्जन बिलरोथ यांनी कॅन्सरसाठी जठराचा खालचा भाग काढला, तेव्हा पेशंट टेबलावरून जिवंत उतरला हेच मोठं यश होतं. आज पेशंटची झोपही ऑपरेशनच्या हिशेबात धरलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मामांना मी विचारलं, रात्री जेवता कधी, झोपता कधी? ते म्हणाले, “साहेब, मोटारीची लाईट रात्रीची. ती येईल तसं जेवायचं, पाणी धरायचं आन् बांधावरच आडवं व्हायचं.” ते ऐकल्यावर नुसत्या साध्या जोडणीचा विचार मी सोडून दिला आणि जपानी सर्जन कामिकावा यांची पद्धत वापरायची ठरवली.

या पद्धतीत उरलेल्या जठराच्या पुढच्या भिंतीवर आडव्या एच आकाराची खूण करतात. मग स्नायूचा थर आतल्या नाजूक अस्तरापासून अलगद सोडवायचा, की चौकटीतली दोन कवाडं उघडावीत तसे दोन पदर बाजूला होतात. अस्तराला भोक पडलं तर सगळं बिघडतं. हे काम आम्ही बेंबीजवळच्या छोट्या छेदातून जठर बाहेर घेऊन, उजेडात, हातानं केलं. नंतर जठर पुन्हा आत. अन्ननलिकेची मागची बाजू चौकटीच्या वरच्या कडेला टाके घालून बसवली, तिचं टोक अस्तराच्या खालच्या खिडकीला जोडलं आणि दोन्ही पदर तिच्यावर ओढून शिवून घेतले. आता जठर भरलं, की आतला दाब अन्ननलिकेच्या त्या टोकालाच दाबून बंद करतो. अन्न खाली जातं, वर येत नाही. दुर्बिणीतून एकेक टाका घालायला वेळ लागतो. भूलतज्ज्ञ मॅडम घड्याळाकडे पाहत होत्या, पण कुणी घाई केली नाही.

काही दिवसांनी एक्स-रेच्या टेबलावर मामांना डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, पाजला आणि टेबल डोक्याकडून खाली झुकवलं. पडद्यावर डाय जोडणीपाशी येऊन थांबला, वर सरकला नाही. टेक्निशियनला मी तेच चित्र पुन्हा दाखवायला लावलं.

डिस्चार्जच्या वेळी मामींना जवळ बसवलं. उशांवर उशा ठेवू नका, त्यानं पोट मुडपतं आणि दाब वाढतो. बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली एकावर एक दोन-दोन विटा घाला. थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा द्या. भाकरी वरणात कुस्करून, येसराची आमटी सपक, ठेचा इतक्यात नको. शेवटचं खाणं झोपायच्या तीन तास आधी. मामी म्हणाल्या, “ते समदं करते, पर लाईटीचं काय?” पोरगा शेजारीच उभा होता. त्यानं त्याच आठवड्यात मोटारीला ऑटो बसवला, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप सुरू.

या पद्धतीची एक खोड आहे, जोडणी कधी कधी आवळते. पुढं मामांचंही तसंच झालं, “घास अडकू लालाय” म्हणत आले. फुग्यानं ती जागा रुंद केली आणि जेवण पुन्हा सुरळीत झालं. वर्षानंतरच्या एंडोस्कोपीत अन्ननलिका स्वच्छ गुलाबी होती, एकही चट्टा नव्हता. बी-१२ मात्र उतरलं होतं, त्याची इंजेक्शनं सुरू केली. मामांनी विचारलं, हुरडा चालंल का? चालेल म्हटलं, कोवळा, थोडाच, नीट चावून आणि दिवस मावळायच्या आत.