फिनलंडची फाइल आणि एक वाचनपत्रिका

लंडनहून 'आंतरराष्ट्रीय व तौलनिक शिक्षण' या विषयात एम. ए. करून परतल्यापासून, सगळ्यांत चांगले शिक्षण कोणत्या देशाचे, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. विचारणाऱ्यांना मी हसत नाही, कारण जाताना मीही शाळांसाठी नावाजलेल्या फिनलंडवरील लेखांची जाडजूड फाइल बरोबर नेली होती.

पहिल्याच आठवड्यात इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलर यांचे १९०० सालचे इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील व्याख्यान वाचायला मिळाले. परदेशी शिक्षणपद्धतींच्या बागेत फिरून इथले फूल, तिथली पाने खुडायची आणि घरच्या मातीत खोचून जिवंत रोपाची अपेक्षा धरायची, हे चालायचे नाही, असे ते बजावतात. शाळेच्या आत काय आहे यापेक्षा बाहेर काय आहे, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटते. फिनलंडच्या शिक्षकांना मिळणारे स्वातंत्र्य आपल्याला हवेसे वाटते. परंतु तिथे प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते आणि ही व्यवस्था १९७०च्या दशकापासून घडत आली आहे, हे माझ्या फाइलीतल्या बहुतेक लेखांनी एका ओळीत उरकले होते. पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी तुलना करणाऱ्या 'पिझा' या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९च्या फेरीत भारतातर्फे तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले, तळाशी राहिले आणि पुढच्या फेरीत भारताने भागच घेतला नाही, हेही मला तिथेच कळले. (आपल्याकडे त्याची चर्चा फार झाली नाही, ही सोय म्हणावी लागेल.)

मला खरा धक्का मात्र एका साध्या कागदाने दिला. पश्चिम केनियातून आलेल्या एका वर्गमैत्रिणीने चर्चासत्रात मुलांना कितपत वाचता येते हे घरोघर तपासणाऱ्या 'उवेझो' या सर्वेक्षणाची वाचनपत्रिका आणली होती. अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि शेवटी गोष्ट, ही मांडणी मी तत्काळ ओळखली, कारण 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने भारतात २००५ मध्ये सुरू केलेल्या तशाच 'असर' सर्वेक्षणावरूनच ती पत्रिका बेतलेली होती आणि कॉलेजात असताना नंदुरबार जिल्ह्यात मी स्वतः 'असर'साठी घरोघर फिरले होते. ओसरीवर कागद पसरला की शेजारची पोरे भोवती गोळा होत आणि ज्याची चाचणी चालू असेल त्याला हळूच उत्तर सांगत. त्यांना लांब बसवण्यातच निम्मा वेळ जाई.

मैत्रिणीची तक्रार वेगळी होती. तिच्या गावातली मुले घरी लुओ बोलतात आणि पत्रिका स्वाहिली नि इंग्रजीत असते. तेव्हा मूल अडखळते ते वाचनात की भाषेत, हे मूल कोणत्या पायरीपर्यंत वाचते त्या रकान्यातल्या नुसत्या खुणेवरून कसे ओळखायचे? त्यावर मी, आमच्याकडे पत्रिका मराठीतच असते, असे काहीशा अभिमानाने सांगितले. प्राध्यापिकाबाईंनी सहज विचारले, "तुम्ही तपासलेली मुलं घरी कोणती भाषा बोलत होती?"

सातपुड्याच्या पायथ्याची ती गावे भिल्ल आणि पावरा आदिवासींची, त्यांची घरची बोली मराठीहून वेगळी. तरीही एका मुलीच्या नावापुढे 'अक्षर' या रकान्यात खूण करताना हा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता. प्रबंधाचा विषय मी त्याच आठवड्यात बदलून घेतला.